उजवं मडगार्ड

“ताहेरभाईंचा कारखाना हाच का?”

जैनबबी ओट्यावर बसून डाव्या हातानं रबरी चेंडू दाबत होती. दाबत होती म्हणजे दाबल्यासारखं करत होती. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या हाताची बोटं सांगितलेलं अर्धंच ऐकत. दारात उभी असलेली बाई चाळिशी ओलांडलेली, खांद्याला कापडी पिशवी, उन्हानं चेहरा लाल झालेला. नाव वर्षाली, माहेर वरूडचं, अमरावतीला शाळेत शिकवते, असं तिनं उभ्याउभ्याच सांगितलं.

ताहेरभाई जाऊन काही वर्षं झाली हे कळल्यावर ती ओट्याच्या कडेला टेकली. जैनबबीनं सुनेला, हीनाला, पाणी आणायला सांगितलं. पाणी पिऊन झाल्यावर वर्षालीनं मोबाइल काढून एक फोटो दाखवला. टिनाच्या शेडात, संत्र्याच्या रिकाम्या खोक्यांच्या मागे, एक बुटकी, दोनच माणसांची, बिनटपाची गाडी उभी होती. तिला बोनट नव्हतं. सीटमधून काथ्या बाहेर आला होता. रंग कधीकाळी लाल असावा.

जैनबबीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“उजवं मडगार्ड जरासं खाली हाये का हिचं?”

वर्षाली तिच्याकडे बघतच राहिली. तिचे वडील खुशालराव मागच्या वर्षी वारले. ते नेहमी म्हणायचे की माझी गाडी दमलेल्या बैलासारखी एक खांदा पाडून बसते. ही गोष्ट घराबाहेर कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

“मंग आमचीच हाये,” जैनबबी म्हणाली.

ती गाडी ताहेरच्या नावानं ओळखली जायची, पण तिचं अंग जैनबबीच्या हातचं होतं. ताहेर ट्रकच्या बॉड्या बांधायचा. एकदा एका परदेशी जोडप्याची स्पोर्ट कार हायवेवर बंद पडली आणि काही दिवस त्याच्या अंगणात उभी राहिली. तो रोज काम सोडून तिच्याभोवती फिरायचा. गाडी दुरुस्त होऊन निघून गेली, पण तिचा आकार ताहेरच्या डोक्यातून गेला नाही. जुन्या फियाटचं इंजिन, आपण जोडलेली चासी, आणि वर फायबरचं अंग, अशी गाडी अकोल्यात का बनू नये, हा त्याचा हट्ट होता. लोखंड त्याच्या हाताचं ऐकायचं. फायबर ऐकेना. साच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट पसरायची, ब्रशनं रेझिन पाजायचं, हवा काढत काढत थरावर थर द्यायचे, हे त्याच्या घाईच्या हाताला जमत नव्हतं. प्रत्येक तुकड्यात बुडबुडे राहायचे.

जैनबबी तेव्हा नवी नवरी होती. तिच्या माहेरी, बाळापूरला, मोहर्रमचे ताजिये बनत. बांबूच्या कामट्यांवर खळ लावून कागद चढवायचा, एकही सुरकुती राहू द्यायची नाही, हे ती लहानपणापासून बापाशेजारी बसून करत आली होती. एका दुपारी ताहेर चिडून आत जेवायला गेला, तेव्हा तिनं ब्रश उचलला. तो हात धुऊन बाहेर आला तोवर दाराचा एक तुकडा झाला होता. त्यानं तो वाजवून पाहिला, उन्हात धरून पाहिला. त्या दिवसापासून लोखंड त्याचं आणि फायबर तिचं, अशी वाटणी झाली.

चार गाड्या बनल्या. लोक बघायला गर्दी करत आणि हसत. प्लास्टिकची टोपली आहे, शेळीनं शिंग मारलं तरी फुटेल, म्हणत. पाचवी कोणी मागितलीच नाही. ताहेरनं पाटी उतरवली आणि कूलरच्या टाक्या, न्हाणीघराची दारं बनवायला लागला. एक गाडी नागपूरला गेली ती गेलीच, दोन भंगारात गेल्या. वरूडच्या खुशालरावांची तेवढी उरली होती, हे जैनबबीला आज कळलं.

संध्याकाळी दानियाल घरी आला. तो तिचा एकुलता एक मुलगा. एमआयडीसीत फायबरच्या दारांचं छोटं युनिट चालवायचा. त्यानं वर्षालीचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि नम्रपणे नाही म्हटलं. ते काम आता आमच्याकडे होत नाही, अब्बा गेले, साचे गेले, तुम्ही पुण्याला न्या, तिथे जुन्या गाड्यांची मोठी वर्कशॉपं आहेत, असं त्यानं समजावलं.

पुण्याच्या एका माणसाशी वर्षाली बोलली होती. फोटो बघून तो म्हणाला होता की नव्यापेक्षा चांगली करून देतो.

“मले नव्यापेक्षा चांगली नाही पाह्यजे,” ती दानियालला म्हणाली. “बाबा मले मांडीवर बसवून जे गाडी चालवत, तेच पाह्यजे. तुमच्याच घरून पाह्यजे.”

तिच्या भावाला, गोवर्धनला, शेड रिकामी हवी होती. संत्र्याचा हंगाम येण्याआधी गाडी हलली नाही, तर तो ती भंगारवाल्याला देणार होता. हे सांगताना तिनं आवाज चढवला नाही. ती हटणाऱ्यांतली नाही, एवढं जैनबबीनं ओळखलं.

“आणा,” ती म्हणाली.

वर्षाली गेल्यावर घरात बोलणं झालं. दानियालला दोन गोष्टी खुपत होत्या. एक तो बोलला. डॉक्टरांनी दगदग नको म्हणून बजावलं होतं, आणि रेझिनचा वास तर चांगल्या माणसाचंही डोकं फिरवतो. दुसरी तो बोलला नाही, पण जैनबबीला माहीत होती. शाळेत त्याला पोरं टोपलीवाल्याचा म्हणून चिडवत. त्या गाडीचं नाव घरात निघालं की तो उठून जायचा.

“अम्मी, एका हातानं कसं करसान तुमी?”

“डावा गेला. उजवा हाये ना.”

“आन् बिघडलं तर?”

“तर माह्या हातानं बिघडीन,” ती म्हणाली. “त्या पुण्यावाल्याच्या हातानं काहून?”

दानियालनं ताट बाजूला सारलं. 

गाडी संत्र्याच्या ट्रकातून आली. मोहल्ल्यातल्या माणसांनी ती हातांवर उतरवली, कारण तिला वजन असं फार नव्हतंच. सीटखाली वाळलेलं तणस अडकलं होतं आणि सगळ्या गाडीला संत्र्याच्या सालीचा वास येत होता. बोनट एका गोणीत आलं, तुकडे होऊन. शेडचं आढं कधीतरी त्याच्यावर पडलं होतं. जैनबबीनं खुर्ची गाडीजवळ घ्यायला लावली आणि उजव्या तळव्यानं मागच्या दिव्यापासून पुढच्या दिव्यापर्यंत सगळं अंग चाचपलं. जागोजागी कोणीतरी भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग फासला होता. ती लांबी आधी काढावी लागणार होती.

इंजिनासाठी तिनं नत्थुजींना निरोप धाडला. त्या चारही गाड्यांची इंजिनं त्यांनीच बसवली होती. आता त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मूठ जबड्याला लावत आणि हाडातून आवाज घेत. गाडी बघितल्यावर त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, “भाभी, हे अजून जित्ती हाये,” आणि चष्मा पुसून बोनट नसलेल्या खड्ड्यात वाकले. नंतर ते रोज येत, दुपारचा चहा घेत आणि इंजिनाला शिव्या घालत काम करत.

जैनबबीनं बोनटाचे तुकडे अंगणात मांडले. साचा कधीच मोडला होता, म्हणून जुने तुकडे मातीच्या उंचवट्यावर जुळवून त्यांच्यावरूनच नवा साचा घ्यायचा होता. जिथे तुकडा नव्हता तिथे ती डोळे मिटून तळवा फिरवायची आणि माती कमी-जास्त करायला लावायची. साचा चांगला उतरला. तिला वाटलं, अवघड ते झालं.

अवघड पुढे होतं. मॅट एका हातानं ताणून दुसऱ्या हातानं ब्रश चालवायचा असतो. तिचा डावा हात मॅटवर नुसता वजनासारखा पडून राहायचा. ताणायला गेली की मॅट सरकायची, सरळ करेपर्यंत उन्हानं रेझिन आवळून यायचं. एप्रिलचं ऊन. तिनं कोणाला हाक मारली नाही. घामानं डोळे चुरचुरत असताना ती शेवटचा थर देऊन उठली. दुसऱ्या दिवशी बोनट साच्यातून निघालं तेव्हा त्याच्या डाव्या बाजूला बुडबुड्यांची रांगच्या रांग होती. बोट दाबलं की कडकड वाजत होतं.

दानियाल कामावर निघाला होता. त्यानं बोनट पाहिलं आणि खाली बसला. आता पुरे झालं, मी त्या बाईशी बोलतो, माफी मागतो, आपल्याकडून होत नाही म्हणून सांगतो, असं तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. आईचं तोंड बघून त्यालाच कसंतरी होत होतं.

जैनबबीनं हातोडी मागितली. कोणी देईना तेव्हा स्वतः उठून घेतली आणि बोनटाच्या मधोमध घाव घातला. मग दुसरा. फायबरचे पापुद्रे अंगणभर झाले.

“हे गेलं,” ती म्हणाली. “उद्या दुसरं करू.”

त्या दिवशी ती जेवली नाही. हीनानं दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. जैनबबी पलंगावर पडून डावा हात उजव्या हातात घेऊन बघत राहिली. या हातानं तिनं चार गाड्या केल्या होत्या, एक पोर वाढवलं होतं, नवऱ्याच्या मय्यतीला अत्तर लावलं होतं. तिला त्या हाताचा राग आला, आणि मग कीव आली. रडली ती थोडी, तोंडावर ओढणी घेऊन. पण उद्या काय करायचं हे ठरलेलंच होतं.

सकाळी फजरची नमाज आटोपून ती अंगणातल्या कारखान्याच्या शेडात आली तर हीना आधीच तिथे होती. ओढणी कमरेला बांधलेली, हातांत दानियालच्या युनिटातले मोजे. लग्न होऊन आली तेव्हापासून हीना या शेडात कधी आली नव्हती. तिला वासानं मळमळायचं.

“मी धरते, तुमी ब्रश मारा,” ती म्हणाली. “सांगा कसं धरायचं ते.”

जैनबबीनं सांगितलं. धर म्हणजे ओढ नको, पोळी तव्यावर टाकताना जसं सोडतेस तसं सोड. कोपऱ्यातून मध्ये ये, मधून कोपऱ्यात जाऊ नको. हवा पळते तिकडे बोट ठेव. हीना पहिल्या थराला चुकली, दुसऱ्याला कमी चुकली. ऊन अजून भिंतीआड होतं. एकीचा एक हात आणि दुसरीचे दोन, पण थोड्या वेळानं ते मोजण्यासारखं राहिलं नाही. मॅट हलायची तेव्हा ब्रश आपोआप थांबायचा.

दानियाल उठून दारात आला. दात घासता घासता तो बघत उभा राहिला. तो कामावर न जाता बाजारात गेला आणि एक मोठा एक्झॉस्ट पंखा घेऊन आला. शिडी लावून त्यानं तो शेडाच्या भिंतीत बसवला, वायर ओढली, आणि तोंडावर बांधायचे दोन चांगले मास्क खाटेवर ठेवून निघून गेला. परवानगी दिली असं त्यानं म्हटलं नाही, आणि ती कोणी मागितलीही नव्हती.

हे बोनट साच्यातून सुटलं तेव्हा जैनबबीनं ते उन्हात उभं धरायला लावलं. पलीकडून उजेड सारखा येत होता. कुठे ठिपका नव्हता.

मग दानियालही संध्याकाळचा शेडात थांबायला लागला. जुनी लांबी खरवडणं, पॉलिश पेपरनं घासणं, ही कामं त्यानं घेतली. एका संध्याकाळी त्यानं गाडीला आडवी दोरी बांधली आणि उजवं मडगार्ड दोरीपासून किती खाली आहे ते आईला दाखवलं. आता सगळं उघडलंच आहे तर वर घेऊन सरळ करून टाकतो, त्याला काय लागतं, असं तो म्हणाला. मडगार्ड वाकडं, आणि लोक आपल्याला नावं ठेवणार.

वर्षालीला फोन लावला. ती म्हणाली की मला ते तसंच हवं, पण गाडी ज्यांनी केली त्यांचा शब्द शेवटचा.

जैनबबी खुर्चीत बसली होती. तिनं हीनाला थांबवलं, नत्थुजींना पेचकस खाली ठेवायला सांगितलं.

“ते मडगार्ड केलं तवा तू पोटात होतास,” ती दानियालला म्हणाली. “सातवा सरून राहिला होता. त्या बाजूनं मले वाकताच येत नव्हतं. तुह्या अब्बाले दिसलं होतं. मी म्हटलं, दुसरं करते. ते म्हणाले, राहू दे. खुशालरावनं विचारलं तर सांगतलं, वरूडच्या रस्त्याले उतार हाये, म्हणून तसं ठेवलं.”

नत्थुजी हसले. त्यांना ते आठवत होतं.

“आता सांग,” जैनबबी म्हणाली. “सरळ करायचं का?”

दानियाल दोरीजवळ उभा होता. त्यानं त्या मडगार्डाच्या उतारावर हात ठेवला आणि काढला. मग दोरीची गाठ सोडली, दोरी गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या बाजूचा दरवाजा घासायला घेतला. त्या रात्रीच्या जेवणात त्यानं आपणहून विचारलं की अब्बांनी गाडीचं काही नाव ठेवलं होतं का. ठेवलं नव्हतं. नाव ठेवायचं काम लोकांनी केलं, असं जैनबबी म्हणाली, आणि त्याला हसू आलं.

रंग लालच दिला. सीटची गादी गल्लीतल्या गादीवाल्यानं भरून दिली. मृगाच्या आधी इंजिन लागलं. नत्थुजींनी पेचकस जबड्याला लावून डोळे मिटले आणि मान हलवली. मोहल्ल्यातली पोरं भिंतीवर चढून बसली होती. टोपली हा शब्द कोणाच्या तोंडून आला नाही. त्या पोरांना तो माहीतच नव्हता.

वर्षाली गाडी न्यायला आली. रस्त्यावर चालवायचे कागद तिनं आधीच नवे करून घेतले होते. ट्रकात घालून नेऊ, असा भावाचा निरोप होता. ती चालवत नेणार होती. वाटेत अमरावतीला आपल्या घरी मुक्काम, मग बाबांच्या रस्त्यानं मोर्शीवरून वरूडला एक चक्कर, आणि पुढे गाडी अमरावतीलाच ठेवायची. गाडीत बसण्याआधी तिनं जैनबबीला विचारलं की तुम्ही हिच्यात कधी बसलात का.

कधीच नाही. चारही गाड्या दारातून गेल्या तेव्हा त्यांत माणसं बसली होती, आणि ती मागे अंगण झाडत होती. तेव्हा त्याचं तिला काही वाटलं नव्हतं.

“चाला मंग,” वर्षाली म्हणाली. “बोरगाव मंजूपर्यंत. दानियालभाऊ मागून स्कूटर आणतीन.”

हीनानं तिला धरून बसवलं. गाडी इतकी बुटकी की रस्ता मांडीला लागतो असं वाटलं. गल्ली, मशिदीचा कोपरा, मग हायवे. ट्रकांची चाकं डोक्याच्या वर फिरत होती. सिग्नलला एका मोटरसायकलवाल्यानं वाकून विचारलं, कोणत्या कंपनीची हो. वर्षाली बोलायच्या आत जैनबबीनं सांगितलं, “अकोल्याची.” त्याला ते पटलं की नाही कोण जाणे, हिरवा दिवा लागला.

शहर मागे पडल्यावर वर्षालीनं वेग वाढवला. वारा समोरून आला. जैनबबीनं उजवा हात समोरच्या फळीवर पालथा ठेवला होता, अंगाला कुठे कंप येतो का ते बघायला. ओढणी डोक्यावरून सरकली. ती सावरायची तर हात फळीवरून उचलावा लागला असता. तिनं उचलला नाही. ओढणी खांद्यावर आली आणि तिथे फडफडत राहिली, आणि पांढरे केस उघडे टाकून जैनबबी कापसाच्या नांगरलेल्या वावरांमधून जात राहिली. एवढ्या वर्षांत उघड्या रानात तिच्या केसांना वारा लागला नव्हता.

बोरगाव मंजूच्या अलीकडे लिंबाच्या झाडाखाली वर्षालीनं गाडी थांबवली. मागून दानियाल आला. वर्षाली पाया पडायला वाकली तर जैनबबीनं तिला मध्येच धरलं आणि डोक्यावर हात ठेवला.

“पावसात उभी नको ठेवू,” ती म्हणाली.

वर्षालीनं हो म्हटलं. मग ती चटकन गाडीत जाऊन बसली. लाल गाडी रस्त्याला लागली. एक ट्रक आडवा आला आणि ती दिसेनाशी झाली.

दानियालनं स्कूटर चालू केली. जैनबबीनं हातानंच त्याला ती बंद करायला लावली. ती रस्त्याकडे तोंड करून, डोळे मिटून उभी होती. लांबून गिअर बदलल्याचा आवाज आला, मग आणखी एकदा, आणि मग इंजिनाचा बारीक, सलग आवाज, कमी कमी होत जाणारा.

“काय झालं, अम्मी?”

“बोनट वाजत नाइ,” जैनबबी म्हणाली.

ओढणी डोक्यावर घेऊन ती त्याच्या मागे बसली.